चावीवाले अण्णा आणि माझी झटके खाणारी गाडी

भूपाल अण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझी चूक काढायला. पुढेही ते बहुतेक वेळा त्याच कामासाठी आले, पण पहिल्या वेळी ओळख नव्हती म्हणून मला राग जरा जास्त आला.

रविवारची दुपार होती. मी माझ्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर कोल्हापूरहून मिरजेला गाडी नेत होतो. हे वाक्य ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, रेल्वे सिम्युलेटर म्हणून एक खेळ असतो. पडद्यावर इंजिनाची केबिन दिसते, आपण ब्रेक आणि भोंगा सांभाळायचा आणि गाडी वेळेत पोचवायची. त्यात कुणी मरत नाही, कुणी जिंकतही नाही. वयाची सेहेचाळीस वर्षं पुरी केलेला, ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी असलं काही करतो हे ऐकून लोक एकदम गप्प होतात. तुम्हीही झाला असाल. त्यातून मी नुसता खेळत नव्हतो. तयार खेळात आमची कोल्हापूर-मिरज लाईन नव्हती, म्हणून दोन वर्षं खपून ती मी स्वतः बांधली होती. रूळ, स्टेशनं, पंचगंगेवरचा पूल, उसाची शेतं, सगळं. जगात माझ्यासारखे आणखी काही वेडे आहेत. ते असे मार्ग बांधतात आणि एकमेकांना वाहवा देतात. मला तोवर अकरा जणांनी दिली होती. त्यातला एक मीच होतो, दुसऱ्या नावाने.

तर खिडकीबाहेरून आवाज आला, "ओ पावणं, ही गाडी कुठली म्हणायची?"

खिडकीत पांढरी टोपी आणि तिच्याखाली दोन बारीक डोळे. मी ऐटीत म्हणालो, "कोल्हापूर-मिरज पॅसेंजर."

"मग खटक-खटक कशाला वाजतीया? त्या लायनीला आता जोड ऱ्हायल्यात कुठं? समदं वेल्ड केलंय. आवाज बदला की."

एवढं बोलून टोपी निघून गेली. रुळांचा तो खटक-खटक आवाज मी दोन महिने शोधून आणला होता. आमची ही दारातून म्हणाली, "कोण हो ते? अगदी बरोब्बर बोलले." तिला रुळांतलं काही कळत नाही, पण माझी चूक कुणी काढली की तिला ते बरोब्बर वाटतं. मी तो आवाज त्याच संध्याकाळी बदलला आणि कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, की गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले चावीवाले, भूपाल मगदूम. कोल्हापूरजवळच्या आमच्या बावड्यात, आमच्याच गल्लीच्या टोकाला नवीन राहायला आलेत. चावीवाला म्हणजे कुलपाच्या चाव्या करणारा नव्हे. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला जिथे आवळलेला असतो तिथल्या लोखंडी अडकणीला हे लोक चावी म्हणतात. प्रत्येक चावीवाल्याला पाच-सहा किलोमीटरचा टापू नेमून दिलेला असतो, त्याला बीट म्हणायचं. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी निशाणं, आणि रोज तो टापू चालत जायचा. चाव्या बघायच्या, ढिली दिसली की ठोकायची. अण्णांनी रुकडी ते हातकणंगले अशी आयुष्याची तीसेक वर्षं चालून काढली होती.

त्याचे परिणाम माणसावर झालेले होतेच. अण्णा रस्त्यावरही खाली बघून चालायचे, आणि पावलं स्लीपरवरून चालल्यासारखी मोजून, एक फरशी सोडून एक टाकायचे. सरळ समोर बघून बोलणं त्यांना जमायचं नाही. बोलताना ते आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे, नाहीतर खुर्चीच्या पायाकडे बघायचे. खिशात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम. कुणाच्या घरी गेले की पाच मिनिटांत टेबल हलवून बघणार, दाराची कडी वाजवून बघणार, आणि "ढिलं हाय" म्हणून खाली बसणार. एका लग्नात जेवणाची पंगत बसली तेव्हा अण्णा कुठे दिसेनात. शोधलं तर मांडवामागे भाड्याने आणलेल्या खुर्च्या उलट्या करून त्यांचे नट आवळत बसलेले. नवरदेवाचे वडील हात जोडून म्हणाले, "अण्णा, जेवा की आता, दिवस बुडंल." अण्णा जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नसत. तेव्हा कुठे उठले.

आमच्या घरात त्यांनी पहिल्या महिन्यात गेटची कडी, पंख्याचं एक पातं, माझ्या चष्म्याची दांडी आणि प्रेशर कुकरचा कान आवळला. कुकरच्या कामानंतर आमची ही त्यांना अण्णा म्हणायला लागली आणि मला वाढायच्या आधी त्यांना चहा द्यायला लागली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एकच असतंय." काहीही बिघडलं, की ते हेच म्हणायचे. मोटरला पाणी येईना, शेजारच्या स्कूटरला किक लागेना, सगळे मिळून दहा कारणं सांगत असायचे आणि अण्णा खाली बघत म्हणायचे, "एकच असतंय. हुडकायचं असतंय." मला ते वाक्य फार डोक्यात जायचं. मी शिकलेला माणूस, मला प्रत्येक गोष्टीला निदान चार कारणं लागतात.

एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, इतक्या वर्षांत एखादा अपघात टाळला असेल ना तुम्ही? रूळ तुटलेला दिसला, लाल निशाण घेऊन धावलात, असं काही?" कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सांगायला बरं, असा माझा विचार.

अण्णांना खरंच राग आला. "न्हाई. माझ्या बीटात कायच झालं न्हाई."

"काहीच नाही?"

"त्येच काम हुतं की मास्तर."

गॅदरिंगमध्ये मी दुसऱ्याच विषयावर बोललो.

अण्णांच्या घरात अक्का होत्या, त्यांची बायको. बावड्यात यायच्या आधीच त्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा पूर्ण बंद झाली होती. खाटेवर पडून असायच्या, पाव तासाच्या वर बसवत नसे. बोललेलं सगळं त्यांना कळायचं, पण तोंडातून शब्द येत नसे. अण्णा त्यांचं सगळं करायचे. स्वयंपाक, अंघोळ, औषधं, वेणीसुद्धा. वेणी जरा घट्ट व्हायची. घट्ट आवळणं हा त्यांचा हातगुणच होता.

एके दिवशी अण्णा आले ते नेहमीसारखं काही हलवून न बघता सरळ खुर्चीवर बसले. चपलेकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुमची ती गाडी निमशिरगावला थांबती न्हवं?"

"थांबते की. पॅसेंजर आहे."

"तितं अक्काचं म्हायेर."

मग तुटक तुटक बोलत त्यांनी सांगितलं. लांबवर रेल्वेचा भोंगा ऐकू आला, की अक्का तोंड तिकडे वळवतात. परवा अण्णांनी विचारलं, "म्हायेरला जायाचं व्हय?" तर डोळ्यांतून पाणीच आलं. गाडीत बसवून न्यावं तर बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, एवढा प्रवास नको. माहेरी आता कुणी राहतही नव्हतं, भाऊ गेला, घराला कुलूप. "निदान ठेसन तरी बघंल," अण्णा म्हणाले. "तुमी केलंयसा न्हवं समदं? खऱ्यावानी दिसतंय न्हवं?"

खऱ्यासारखं! दोन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो हाच. मी म्हणालो, "अण्णा, ओळखू येणार नाही इतकं खरं."

दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर आणि मोठा पडदा मी अण्णांच्या घरी हलवला. खाटेच्या शेजारी, अक्कांच्या डोळ्यांच्या उंचीवर पडदा लावला. अण्णा म्हणाले, "इंजिनातनं नगो, खिडकीतनं दाखवा. डाव्या खिडकीतनं. तिला डावी खिडकी लागती." मी डबा आणि डावी खिडकी निवडली. मग माझ्यातला कलावंत जागा झाला. खेळात चित्राचा दर्जा ठरवायच्या पंधरा-वीस सरकत्या पट्ट्या असतात. सावल्या किती गडद, गवत किती दाट, पाणी किती चकचकीत, किती लांबचं दिसावं. मी एकूण एक पट्टी शेवटाला नेऊन ठेवली. अक्का माहेरी चालल्यात, त्यांना काटकसर कशाला?

गाडी सुटली. गुर मार्केट स्टेशनपर्यंत झकास गेली. मग वळिवड्याच्या जवळ चित्र थांबलं. आवाज अडखळला. पुन्हा सुरू झालं ते एकदम पन्नास फूट पुढे उडी मारून. मग थांबलं, मग उडी. रुकडी येईपर्यंत ऊस, खांब, आभाळ सगळं धक्के खात होतं. मला सवय होती, मी म्हणालो, "होतं असं थोडंसं." अक्कांनी डोळे मिटले, आणि त्यांना उलटी झाली.

अण्णांनी त्यांचं तोंड पुसलं, उशी बदलली, फरशी पुसली. मी उभ्याउभ्या कॉम्प्युटरच्या मर्यादांवर एक छोटं भाषण केलं. ते ऐकायला कुणी नव्हतं. अक्कांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. तीन दिवसांनी मी पुन्हा पडदा लावायला गेलो, तर पडदा दिसताच त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

अण्णा मला दारापर्यंत सोडायला आले. "मास्तर, आता एकडाव बघंल ती. माझ्या शब्दाखातर बघंल. परत झटकं बसलं तर न्हाई बघायची. कदीच न्हाई."

कॉम्प्युटर परत घरी आणून मी कामाला लागलो. म्हणजे काय, पट्ट्या खाली ओढत सुटलो. आधी सावल्या काढल्या. झटके कायम. मग गवत काढलं. मग पाणी साधं केलं, पंचगंगा निळ्या ताडपत्रीसारखी दिसायला लागली. मग लांबचे डोंगर गेले, झाडांची पानं गेली, फलाटावरची माणसं गेली. हातकणंगल्याची शेतं भादरल्यासारखी दिसू लागली. आमची ही चहा घेऊन आली, पडद्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे कुठलं? चंद्रावरचं का?" झटके मात्र जसेच्या तसे. मी हिला म्हणालो, नवं मशीन घ्यावं लागेल. ती म्हणाली, "नवा ड्रायव्हर मिळतो का बघा आधी."

अण्णा रोज दुपारी, अक्कांचा डोळा लागला की येऊन बसायचे. एक दिवस त्यांनी ती भादरलेली शेतं बघितली आणि त्यांना राहवेना.

"मास्तर, ह्ये काय करतायसा?"

"सगळं कमी करतोय. कमी केलं की गाडी हलकी होते."

"अख्खी लाईन उखडलीसा की. पयला झटका कुठं बसतोय?"

"सगळीकडेच बसतात अण्णा."

"सगळीकडं न्हाई इचारलं. पयला."

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ही लाईन चालवत होतो आणि मला पहिला झटका कुठे बसतो हे माहीत नव्हतं.

"समदं हुतं तसं करा," अण्णा म्हणाले, "आन् गाडी सोडा." मी पट्ट्या परत वर नेल्या. अण्णा डोळे मिटून बसले. गाडीच्या धक्क्यांबरोबर आवाजही अडखळायचा, ते तो आवाज ऐकत होते. एका हाताची बोटं मांडीवर मोजत चालली होती, कशावरून मोजत होते ते त्यांनाच ठाऊक. मध्येच म्हणाले, "हितं." मी जागा लिहून ठेवली. पुन्हा कोल्हापूरहून सोडली. पुन्हा त्याच जागी "हितं." असं चार दुपारी चाललं. सावल्या असोत नसोत, गवत असो नसो, पहिला झटका वळिवड्याच्या अलीकडे एकाच ठिकाणी. एकदा तो बसला की कॉम्प्युटर पुढे मिरजेपर्यंत सावरतच नसे, म्हणून मला दोष सगळीकडे दिसत होता.

"आता हितं गाडी थांबवा," अण्णा म्हणाले, "आन् उतरून बघू."

तिथे काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

खेळात गाडीतून उतरून हिंडता येतं. मी उतरलो. अण्णांनी डोळे उघडले, पडद्याजवळ आले. "ह्ये घर कुणाचं?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हितं घर न्हाई मास्तर. हितं बाभळ हाय. नोकरीत असताना वळिवड्याला रुकडीची गाडी धरायला म्या रोज हितनंच गेलोय."

शेवटी सांगितलं. ते माझं घर होतं. रेल्वेलाईन आमच्या बावड्यातून जात नाही, ही माझी जुनी खंत. म्हणून मी आमचं घर उचलून वळिवड्याजवळ लाईनीला लागून ठेवलं होतं. चार महिने त्यावर घालवले होते. दारावर माझ्या नावाची पाटी, पाटीवर पदवीसकट. अंगणात बेचाळीस कुंड्या, प्रत्येक कुंडीत वेगळं रोप. दोरीवर वाळत घातलेले कपडे, वाऱ्याने हलणारे. स्कूटरचा नंबरसुद्धा खरा. आत बैठकीच्या खोलीत पुस्तकांचं कपाट, त्यात तीनशे पुस्तकं सुटी सुटी, प्रत्येकाच्या पाठीवर नाव. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून यातलं कुणाला काय दिसणार होतं? पण कॉम्प्युटर बिचारा ती तीनशे पुस्तकं दरवेळी इमानेइतबारे उघडत होता, आणि गाडी तटत होती. जवळ आल्यावर घर दिसावं म्हणून त्याला मी अशी सोय केली होती, की कुठल्याही पट्टीने ते साधं होऊ नये. सगळ्या तालुक्याची पानं मी झाडून काढली होती. माझं कपाट तेवढं शाबूत होतं.

अण्णा हसले असते तर बरं झालं असतं. ते वाकून वाकून घर बघत होते. "लई झ्याक बांधलंय," म्हणाले. "कपडं हालत्यात की." मग खुर्चीवर बसले. "पर ढिलं ह्येच हाय."

"पाडू?"

"पाडा."

मी घर निवडलं. बोट बटणावर ठेवलं. तेवढ्यात अण्णांनी माझा हात धरला.

"आत कोन न्हाई न्हवं?"

"नाही अण्णा. आत माणसं घातली नव्हती."

"मग मारा."

मारलं. चार महिने एका टिचकीत गेले. त्या जागी अण्णांनी सांगितली तशी एक बाभूळ लावली, जरा लाईनीकडे कललेली. गाडी सोडली. अण्णा डोळे मिटून होते. वळिवडं गेलं, पंचगंगेचा पूल गेला, रुकडी गेली, गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालली होती. मी सावल्या परत आणल्या, पाणी चकचकीत केलं, डोंगर जागेवर ठेवले, माणसं फलाटावर उभी केली. दोन-तीनच पट्ट्या जराशा खाली ठेवाव्या लागल्या. मला खूप वाईट वाटत होतं आणि खूप बरंही वाटत होतं. रात्री जेवताना हिला सांगितलं, की घर पाडलं. ती म्हणाली, "त्यात माझं स्वयंपाकघर होतं का?" नव्हतं. स्वयंपाकघर मी केलंच नव्हतं. त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी अक्कांना माहेरी न्यायचं ठरलं. आमची ही सकाळीच जाऊन त्यांना इरकली नेसवून आली होती. मी पडदा लावला. अक्कांनी डोळे मिटले. अण्णा खाटेजवळ स्टूल घेऊन बसले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "अगं, लाईन म्या सोता बघितलीया. बघ एकडाव."

पुष्कळ वेळाने त्यांनी डोळे उघडले.

गाडी सुटली. मी ब्रेकवर, म्हणजे त्या ब्रेकच्या बटणावर, घामेजलेलं बोट ठेवून बसलो होतो. वळिवडं जवळ आलं तसा अण्णांचा हात खाटेच्या दांडीवर आवळला. बाभूळ आली आणि मागे गेली. चित्र जराही हललं नाही. अण्णांनी दांडी सोडली नाही. पंचगंगेवर ऊन होतं. रुकडीला गाडी थांबली, सुटली. स्वतःच्या बीटातून जाताना अण्णांनी पडद्याकडे एकदाही बघितलं नाही, ते सगळा वेळ अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. सरळ, समोर. त्यांना असं बघता येतं हे मला तेव्हा कळलं.

हातकणंगले गेलं. मी वेग कमी करत आणला आणि निमशिरगावच्या फलाटाशी गाडी अशी थांबवली, की तशी मी आधीही कधी थांबवली नव्हती आणि नंतरही मला जमली नाही. समोर पिवळी पाटी, दोन बाकं, कडुलिंब, आणि पलीकडे गावाकडे जाणारी वाट.

अक्का बघत राहिल्या. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. मला वाटलं, डोळे पुसतायत. हात डोक्यापर्यंत गेला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. खांद्यावर येऊ दिला. इतके महिने मी त्या घरात जात होतो, माझ्यासमोर त्यांचा पदर कधी ढळला नव्हता. पण माहेरी आलेल्या बाईला डोक्यावर पदर कशाला लागतो?

"उतरली," अण्णा म्हणाले.

मी बावळटासारखा विचारून बसलो, "पुढे नेऊ का? जयसिंगपूर, मिरज?" अण्णांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि बाहेर आणलं. दार नुसतं लोटून घेतलं. आम्ही दोघे पायरीवर बसलो. आत इंजिन घरघरत उभं होतं.

"किती वेळ थांबवायची गाडी?" मी हळू आवाजात विचारलं.

अण्णा परत आपल्या चपलेकडे बघायला लागले होते. "थांबू द्या की," ते म्हणाले. "लई दिसांनी आलीया. आपुन तितं बसलो की तिला मोकळ्यानं बोलता याचं न्हाई."